सालोऊची तारीख

"हा समुद्र आहे का कॅलेंडरवरचं चित्र?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

टीव्हीवर सालोऊचा किनारा पसरला होता. मंजिरीताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, बार्सिलोनाहून पाठवलेले फोटो सारंग मोबाइलवरून टीव्हीवर एकेक करून सरकवत होता. रांगेनं लावलेल्या पांढऱ्या छत्र्या, ताडाची झाडं, आणि इतकं निळं पाणी की आमचा सांगलीचा हॉल एकदम मळकट वाटायला लागला.

"आणि नाव काय म्हणालास? शालू?"

"सालोऊ, बाबा."

"तेच ते. बायकोला शालू घ्यायला लोक बनारसला जातात, मी स्पेनला चाललोय."

"घेतलात तर!" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. त्यांना मी अहो आई म्हणते. माहेरी एक आई आहेच, म्हणून इथे 'अहो' लावून. "तीस वर्षं नुसतं ऐकतेय."

बाबांची साठी होती. मे अखेरीला साठीशांत करायची, त्यासाठी मंजिरीताई येणार आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना बरोबर घेऊन स्पेनला जाणार, असा बेत. होळी नुकतीच झाली होती आणि घरात दुसरा विषय नव्हता. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना तिथले प्लग कसे असतात याची काळजी. सारंगला भुंग्या विमानात रडेल याची. भुंग्या म्हणजे आमचा शार्दूल. तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता, घरभर गुणगुणत रांगायचा.

अहो आईंना कसलीच काळजी नव्हती. त्यांनी सकाळी बायकांच्या पोहण्याच्या बॅचला नाव घातलं होतं. ओल्या केसांचा अंबाडा घालून, गाल लाल करून घरी यायच्या.

"आज पाठीवर तरंगले," त्या मला पोळ्या लाटता लाटता सांगायच्या. "कान पाण्यात गेले ना ऋजुता, की कुणाचं काही ऐकू येत नाही. इतकं बरं वाटतं!"

"कृष्णेच्या काठी जन्म गेला, तेव्हा नाही शिकलीस," बाबा बाहेरून म्हणायचे.

"तेव्हा तुमचे डबे कुणी भरले असते?"

त्या दिवशी टीव्हीवर हॉटेलच्या खोल्या आल्या आणि सारंग म्हणाला, "ही बघ, हिला बाल्कनी आहे." मी बघायला पुढे झाले. तेवढ्यात भुंग्या हॉलच्या मधोमध ओणवा झाला, डोकं जमिनीला टेकवलं आणि स्वतःच्या दोन पायांमधून मागे बघायला लागला. हसत होता.

"अरे वा!" बाबा टाळी वाजवून म्हणाले. "हा पाठचं बोलावतोय!"

मूल असं पायांतून बघायला लागलं की पाठच्या भावंडाला हाक मारतं, असं आमच्याकडे म्हणतात.

"बाबा, गप्प बसा हं," सारंग ओरडला. "पाच वर्षं तरी नाव काढू नका. आत्ता कुठे रात्रीची झोप मिळायला लागलीय."

सगळे हसले. मीही हसले. मग कुकर लावायचाय असं काहीतरी पुटपुटत आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

कारण पाठचं आलेलं होतं. दोन वेळा माझी पाळी चुकली होती. बाथरूमचं दार लावून मी त्या पट्टीवरच्या दोन रेघा बघितल्या होत्या आणि पट्टी कागदात, कागद पिशवीत, पिशवी पर्समध्ये घालून कॉलेजच्या वाटेवरच्या कचराकुंडीत टाकली होती.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मानवी प्रजनन हे प्रकरण मी इतक्या वर्षांत किती वेळा शिकवलं असेल. मुलं माना खाली घालून हसतात तेव्हा त्यांना दटावते, यात हसण्यासारखं काय आहे म्हणून. आणि मीच बाळंतपणात चार बायकांकडून ऐकलं होतं, अगं, अंगावर पितंय तोवर कसली काळजी, आणि ते पुस्तकातलं सगळं बाजूला ठेवून खरं मानलं होतं. पाळी सुरू झाल्यावरसुद्धा.

माझ्या माहेरच्या गल्लीत एक बाई होती. तिची मुलं एकामागोमाग एक, पायऱ्यांसारखी. एक कडेवर, एक पदराला, एक पोटात. गल्ली तिला बाराखडी म्हणायची. 'बाराखडी चालली बघ दळणाला.' मीही म्हणायचे. तिच्या थोरल्या मुलीसमोरसुद्धा म्हणाले होते एकदा. ती मुलगी माझ्याच वर्गात होती. ती नुसती दप्तर उचलून पुढच्या बाकावर जाऊन बसली होती.

आता मला स्टाफरूम दिसत होती. मी पुन्हा सैल कुडते घालून येणार. कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोलणार. आणि विद्यार्थी तर काय, त्यांना प्रकरण पाठच होतं.

सारंगला सांगितलं नव्हतं. तो वाईट आहे म्हणून नाही. तो पाच वर्षं म्हणायचा तेव्हा इतका सुखावलेला दिसायचा की माझी जीभ उचलायचीच नाही. मी कोल्हापूरला, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा एका डॉक्टरीणबाईंकडे फोन करून वेळ घेतली होती. पुढच्या आठवड्यातला मंगळवार. कॉलेजात रजा मागताना सांगितलं होतं, दाढ काढायची आहे.

*

"तुझी अडचण कधी येतेय गं मे महिन्यात?"

अहो आईंनी भाकरी तव्यावर टाकत विचारलं. हॉलमध्ये तारखांवरून बाबांचं आणि सारंगचं चाललंच होतं.

या घरात फार काही पाळायचे नाहीत. वेगळं बसणं नाही, वेगळं ताट नाही. त्या दिवसांत फक्त देवघरात जायचं नाही आणि लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. हात लागला तर लोणचं नासतं, यावर अहो आईंचा पक्का विश्वास. मी वाद घालून बघितला होता एकदा, त्या म्हणाल्या होत्या, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी, माझ्या कैऱ्या माझ्यापाशी."

तर गेले दोन महिने मी ते दिवस खोटेच पाळत होते. न आलेली पाळी आली असं दाखवून देवाचा दिवा लावत नव्हते. एकदा खोटं चालू केल्यावर त्याच हिशोबानं पुढं जावं लागतं. मी मनातल्या मनात महिने मोजले आणि म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात. साठीशांतीच्या आसपासच."

होमाला सगळे नातेवाईक येणार. औक्षण सुनेनं करायचं. सून बाजूला बसली तर दहा जणी विचारणार.

आमच्याकडे अशा वेळेचा उपाय ठरलेला होता. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. घरात कार्य निघालं की अहो आई स्वतः औषधाच्या दुकानात जाऊन घेऊन यायच्या. मंजिरीताईंच्या लग्नात त्यांनी दिल्या होत्या, माझ्या मंगळागौरीला मला दिल्या होत्या. आता त्या म्हणतील, 'गोळ्या आणते, काळजी करू नकोस.' मी 'बरं' म्हणेन, आणि रोज एक गोळी बेसिनमध्ये टाकेन. माझं ठरलंही होतं. आणि तोवर मंगळवार होऊन गेलेला असेल.

त्या म्हणाल्या, "हं."

भाकरी उलटली. ती टम्म फुगली. त्यांनी ती निखाऱ्यावर धरावी तशी गॅसवर धरली, आणि एवढंच म्हणाल्या, "मग बघू."

विसरल्या असतील, मला वाटलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. पलंगावर दोन पोहण्याचे पोशाख पसरले होते. गुडघ्यापर्यंतचे, बाह्यांचे, पंजाबी ड्रेसचे धाकटे भाऊ शोभावेत असे. एक निळा त्यांचा, एक जांभळा माझा.

"घालून बघ."

मी घातला. आरशात माझं सिझेरियननंतरचं पोट, आणि त्यावर तो ढगळ जांभळा.

"एक माप मोठा आहे, अहो आई."

"असू दे. सैलच बरा."

मला इतकं लागलं ते. माझं सुटलेलं पोट यांनाही दिसतं तर. मी तो पोशाख काढून घडी करून ठेवला आणि म्हणाले, "मी काठावरच बसेन. तुम्ही पोहा."

"काठावर बसायला स्पेन कशाला हवं? सांगलीतही काठ आहे की," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "ऋजुता, काही बोलायचंय का तुला?"

"नाही. काय बोलायचंय?"

"काही नाही. विचारलं आपलं."

*

रविवारी सकाळी मंजिरीताई टीव्हीवर आल्या. चेहरा एवढा मोठा की त्यांच्या कपाळावरची बारीक टिकलीही रुपयाएवढी दिसत होती. खोल्या धरून ठेवल्यात, आज पक्कं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, बँकेत मुलाखतीला आल्यासारखे.

"मग? तिकिटं काढू?" सारंग म्हणाला.

"नको," अहो आई म्हणाल्या. भुंग्या त्यांच्या मांडीवर होता. "आपण दीड महिन्यानं जाऊ. साठीशांतही तेव्हाच करू."

"दीड महिन्यानं?" बाबा उठूनच उभे राहिले. "गुरुजींना सांगून झालं. कार्यालय ठरलं. कोल्हापूरची मंडळी, पुण्याची मंडळी. साठी म्हणजे काय पासपोर्ट आहे का, उशिरा काढला तरी चालतो?"

"मुहूर्त पुढेही आहेत. मी विचारलंय."

"पण का?"

"असंच. मला अजून नीट पोहता येत नाही."

सारंग खो खो हसायला लागला. "आई घाबरली! बाबा, आई समुद्राला घाबरली!"

"हो, घाबरले," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिथे माझा पाय टेकणार नाही."

"एवढ्यासाठी? अगं, तो समुद्र आहे, विहीर नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहा," बाबा म्हणाले. "रोज सकाळी जातेस ते काय नुसतं डोकं भिजवायला? उद्या म्हणशील विमानालाही पाय टेकत नाहीत!"

पाठीवर तरंगता येतं म्हणून लहान मुलीसारखं सांगणारी ही बाई, सगळ्यांत जास्त जिला जायचं होतं ती, मान खाली घालून नातवाच्या पायातला मोजा सारखा करत बसली. माझ्या खोट्या तारखेसाठी त्या हे सगळं ऐकून घेत होत्या. मला कळत होतं आणि मी भिंतीला टेकून उभी होते. अंगात कोमट पाणी शिरावं तशी लाज पायांपासून वर चढत होती.

"आई, खरं कारण सांग," मंजिरीताई टीव्हीतून म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "सहा वर्षं झाली मी इकडे आहे. तुम्ही एकदा तरी या म्हणून मी किती..." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "थांब. ऋजुताची तारीख येतेय का मध्ये?"

सारंगची नजर सतरंजीवर गेली. बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "पंख्याचा कपॅसिटर गेला वाटतं," आणि रेग्युलेटरपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"तेवढंच ना? मग गोळ्या दे ना तिला! त्यात काय?"

"नाही," अहो आई म्हणाल्या. "त्या गोळ्या तिला द्यायच्या नाहीत."

"का?"

"मी म्हणते म्हणून."

त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या. हात भुंग्याच्या पाठीवर होता, आणि तो हात थांबला होता.

तेव्हा मला कळलं. ते 'हं'. एक माप मोठा जांभळा पोशाख. 'काही बोलायचंय का तुला?' त्या विसरल्या नव्हत्या. पोटात मूल असताना ती गोळी चुकूनही माझ्या हातात पडू नये म्हणून त्यांनी नवऱ्याची साठी पुढे ढकलायला काढली होती. आणि माझं गुपित मीच सांगावं म्हणून स्वतः भित्र्या ठरल्या होत्या.

"वा!" मंजिरीताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. टीव्हीवर ते फार मोठे दिसत होते. "मला लग्नात दिल्यास. मळमळ, चक्कर, बोहल्यावर उभं राहवत नव्हतं मला. तेव्हा म्हणालीस, एवढं सोसायचं असतं. आणि सुनेला मात्र एक गोळी नको. बरोबर आहे. मी लांब आहे ना."

अहो आईंचा चेहरा पडला. ओठ हलले. त्या सांगतील आता, मला वाटलं. कुठलीही आई सांगेल. पण त्या म्हणाल्या, "चुकलं माझं मंजू. तुला द्यायला नको होत्या."

तेवढंच. मला झाकून ठेवलंच त्यांनी.

मी भिंतीपासून पुढे झाले. टीव्हीवरच्या त्या मोठ्या चेहऱ्याकडे बघून बोलले, कारण खोलीतल्या कुणाकडे बघायची हिंमत नव्हती.

"ताई, मला दिवस गेलेत."

माझाच आवाज मला स्टाफरूममधल्या कुणाचा तरी वाटला. मंजिरीताई हलेनात, क्षणभर वाटलं नेट गेलं. बाबा रेग्युलेटरवर हात ठेवून तसेच. सारंगनं मान वर केली.

"काय?"

"तिसरा महिना लागलाय."

"पण... आपण तर... भुंग्या तर अजून..." तो आपल्या आईवडिलांसमोर, टीव्हीवरच्या बहिणीसमोर बोटांवर काहीतरी मोजायला लागला आणि आपण काय मोजतोय हे कळून थांबला. त्याचे कान लाल झाले होते. माझे तर सगळे प्राण कानांत आले होते. मला वाटलं, आता कुणीतरी हसावं आणि संपावं एकदाचं.

कुणी हसलं नाही. बाबा वळले. घसा खाकरला. माझ्याकडे न बघता मुलीला विचारलं, "मंजू, पोटातल्याला विमानात वेगळं तिकीट लागतं का गं?"

"नाही हो बाबा," मंजिरीताई रडत रडत हसायला लागल्या.

"मग तारीख कशाला बदलायची?" ते म्हणाले. "डॉक्टरांना विचारा आणि काढा तिकिटं." आणि पंखा बंद करून, पुन्हा चालू करून, बाहेर झाडांना पाणी घालायला गेले.

*

स्वयंपाकघरात मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. अहो आई आत आल्या, मागे सारंगच्या कडेवर भुंग्या रडत होता, त्या दोघांना त्यांनी दार लोटून बाहेरच ठेवलं.

"कशाला बोललीस सगळ्यांसमोर? मी सांभाळत होते ना."

"तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी फळीवरची चिनी मातीची बरणी खाली घेतली. तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. झाकण काढून माझ्या नाकाखाली धरली. कैरी, मोहरी, हिंग. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"गेल्या महिन्यात तुझ्या अडचणीच्या दिवसांत तू चोरून दोन फोडी खाल्ल्यास. दादरा उलटा बांधलास, म्हणून कळलं मला. म्हटलं, मेलं लोणचं. रोज उघडून बघायचे." त्या बरणीत वाकून बघत होत्या. "नासलं नाही ना! मग म्हटलं, हिची अडचण खरी नाही. आणि अडचण खरी नाही, वर कैरी चोरून खाते, म्हणजे काय ते कळायला मला तुझं शास्त्र कशाला हवं?"

मी इतक्या शरमेतही हसले, आणि हसता हसता रडायला लागले.

"मग विचारलं का नाही सरळ?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. दादरा पुन्हा बांधायला लागल्या, सावकाश, सुलट. "एकदा तोंडातून नाही गेलं ना ऋजुता, की मग ते नाही खरं करत बसावं लागतं माणसाला."

त्यांना कोल्हापूर माहीत नव्हतं. माहीत असणं शक्यच नव्हतं. तरी मी खाली बघितलं. मला ते मूल नको होतं असं नव्हतंच कधी. मला ते कुणाला कळायला नको होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या ओट्यापाशी पहिल्यांदा दिसलं, आणि त्या मी एक समजून बसले होते याची जी लाज वाटली ती हॉलमधल्या लाजेहून कितीतरी खोल होती.

*

सालोऊला मी जांभळा पोशाख घातला. तो मला बरोबर बसला. पहिल्या दिवशी वर टॉवेल गुंडाळून छत्रीखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशी अहो आईंनी तो ओढून घेतला, मला कमरेएवढ्या पाण्यात नेलं आणि पाठीखाली तळहात धरला. "कान जाऊ देत पाण्यात," त्या म्हणाल्या, "जाऊ देत." त्यापुढचं मला ऐकू आलं नाही.

जुई आता पाच वर्षांची आहे. तिला तबल्याच्या क्लासला सोडलं की मला बाहेरच्या कट्ट्यावर थोडा वेळ मिळतो, त्यात हे लिहितेय. आत ती धा धिं धिं धा चुकवतेय आणि सर तिला पुन्हा म्हणायला लावताहेत. सालोऊचे फोटो बघताना ती दरवेळी विचारते, यात मी कुठाय? अहो आई बोट ठेवून दाखवतात, ही काय, आईच्या ड्रेसमध्ये. शाळेत ती सांगत असते की मी पोहत पोहत स्पेनला गेलेय.

कोल्हापूरची वेळ घेतली होती त्या मंगळवारी मी रजा रद्द करून कॉलेजात गेले. स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलावरच्या बर्वेबाई पेपर तपासत होत्या. मला बघून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अगं, तू आज नव्हतीस ना येणार? काढली का दाढ?"

"नाही," मी म्हणाले. "दुखत नव्हती ती."